गाडग्यातला परका तुकडा

माझ्या सासूबाईंचं डोकं ठिकाणावर नाही, ही गोष्ट सगळ्या नात्यात पसरली ती माझ्यामुळे. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं, आणि ज्या क्षणी मी उलटं सांगितलं त्या क्षणीही मला ते माहीत होतं. गैरसमज झाला, घाईत तोंडून निघून गेलं, असं मी पुढे स्वतःला बरंच समजावलं. गैरसमज झाला नव्हता. मी खोटं बोललो होतो, आणि ते खोटं पावणेतीन वर्षं चालू दिलं.

आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामी सानगडीच्या. मामाजी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा धानाची शेती करतो, पण शेतातला शेवटचा शब्द मामींचा होता. पुढच्या सालचं बियाणं कोणत्या बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, धानाचं ठेवायचं हे त्या ठरवत. कापणीच्या आधी उभ्या धानात शिरायच्या, लोंबी तोडून दाणा दाताखाली फोडायच्या, आणि हात दाखवून म्हणायच्या, ही ठेवा, ती विका. त्यांनी सांगेपर्यंत माझा साळा विळ्याला हात लावत नसे. शेजारची माणसंही त्यांना बोलावून न्यायची. शाळेत न गेलेल्या बाईला गावात एवढा मान असणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मी जवाहरनगरच्या कारखान्यात तपासणीच्या विभागात आहे. बाहेरून आलेला माल मापाने बघायचा, मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल खूण करून बाजूला ठेवायचा. सव्वीस-सत्तावीस वर्षं हेच केल्यावर डोळ्याला खोड लागते. जेवायला बसलो तरी ताटाची कड कुठे वाकली आहे ते आधी दिसतं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या दिवशी मला दिसलं नाही असं म्हणायला मला जागा नाही.

त्या हिवाळ्यात मामी आमच्या क्वार्टरमध्ये महिनाभर राहायला आल्या होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नवा चष्मा लागला होता. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळेने इतिहासपूर्व काळातल्या वस्तू बघून त्यावर चार पानं लिहून आणायला सांगितली होती. भंडाऱ्यात एका जुन्या इमारतीच्या दोन खोल्यांत जिल्ह्यात सापडलेल्या वस्तू मांडल्या होत्या. मुलगी संध्याकाळी त्यांची यादी मोठ्याने वाचत होती. दगडी हत्यारं, मणी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, शिलावर्तुळांच्या खाली पुरलेली भांडी. मामी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

त्यांनी विचारलं, शिलावर्तुळ म्हणजे मोठमोठे गोटे गोल मांडलेले असतात ते का? मुलगी हो म्हणाली. मामींनी सूप बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मले बी न्या."

रविवारी ऑटो केला. मामी ठेवणीतलं जांभळं पातळ नेसून, केसांना तेल लावून तयार. बायको हसली. म्हणाली, आई, आपण म्युझियम पाहाले जाऊन राहिलो, लग्नाले नाही. मामी म्हणाल्या, ओळखीच्या घरी जायचं तर नीटच जायला पाहिजे. त्याचा अर्थ कुणाला लागला नाही आणि कुणी विचारलाही नाही. म्हातारी माणसं बोलतात काहीतरी, असं मला वाटलं. म्हणजे पुढच्या खोट्याचं बीज तिथेही होतंच.

पहिल्या खोलीत दगड होते. हातात धरायच्या कुऱ्हाडी, तासण्या, नखाएवढी बारीक पाती. मुलगी वहीत उतरवून घेत होती. मामी प्रत्येक काचेला नाक लावून बघत होत्या, म्हणून पहारेकरी काचेला हात लावू नका असं सांगायला आला. मामी त्याला म्हणाल्या, नाही लावत बापा, माझ्याच्यानं काही मोडलं तं तुमी मलेच नवं घडवाले बसवान. तो पहारेकरी पोट धरून हसला. त्यानंतर तो आमच्याबरोबरच फिरायला लागला. मामींचं असं होतं. दहा मिनिटांत त्या कुणालाही आपल्या ओसरीवर बसवून घेत.

दुसऱ्या खोलीत लोखंड, मणी आणि मातीची भांडी होती. तिथे आमच्या विभागाचे मोठे साहेब भेटले. बदली होऊन आलेले, शुद्ध बोलणारे, नेमके. बाहेरगावचे पाहुणे घेऊन आले होते. मला बघून म्हणाले, "अरे वा, तुम्हीही? आपल्या माणसांना या विषयाची आवड आहे हे बघून बरं वाटलं."

एवढ्याने मी फुगलो. कारखान्यात साहेबांनी माझ्याकडे मान वर करून बघितल्याचं मला आठवत नव्हतं. पाहुण्यांना मी लोहयुग समजावून सांगायला लागलो. पाच मिनिटांपूर्वी पाटीवर वाचलेलं, तेच. घोड्याच्या तोंडात घालायची लोखंडी कडी दाखवून, हे लोक घोडेस्वार होते बरं का, असं मी जणू त्यांना भेटून आल्यासारखं सांगत होतो. संग्रहालयाच्या प्रमुख एक तरुण बाई होत्या. त्याही येऊन उभ्या राहिल्या, माझं ऐकून मान हलवत होत्या. असं सुख मला फार वेळा मिळालेलं नाही.

तेव्हा मागून मामींचा आवाज आला.

"हा तुकडा याचा नोहे."

त्या कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीसमोर उभ्या होत्या. आत एक गाडगं होतं, खाली तांबडं, वर काळं, तुकडे जोडून उभं केलेलं. मधे मधे पांढरट भरण. आम्ही सगळे वळलो. प्रमुख बाईंनी विचारलं, कोणता तुकडा आजी? मामींनी काठाखालचा, तीन बोटं रुंद एक तुकडा दाखवला. "हा. हा दुसऱ्याचा हाये. मी घातला होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी ते तेव्हा नीट ऐकलं नाही असं सोंग केलं, पण मला ते शब्दाला शब्द पाठ आहे.

त्या पंधरा-सोळा वर्षांच्या असताना त्यांच्या माहेरच्या गावाबाहेर, गोल गोटे मांडलेल्या माळावर, खोदकामाला लोक आले होते. धान कापून झालं होतं, गावात काम नव्हतं. माय-लेकी दोघी कामावर लागल्या. पुरुष खोदायचे, बाया माती वाहायच्या आणि चाळायच्या. पोरींना खापरं धुवायचं काम. जुन्या दात घासायच्या ब्रशने एक-एक खापर घासायचं. एका गाडग्याची खापरं एका टोपलीत, टोपलीला चिठ्ठी बांधलेली. टोपल्यांची सरमिसळ झाली तर काम जाईल, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. धुतलेली खापरं वाळली की एक साहेब बारीक टाकाने प्रत्येकावर आकडे घालायचे.

एक दिवस घमेल्यातलं पाणी बदलायचा कंटाळा आला म्हणून ही पोर टोपली घेऊन थेट बोडीवर गेली, शेततळ्यावर. तिथे एक खापर हातातून सुटून पाण्यात गेलं. गुडघाभर गाळात तिने हात घातले. सापडलं नाही. मायलाही कामावरून काढतील या भीतीने तिने टाकाऊ खापरांच्या ढिगात शोधून, रंगाने जवळ जाणारा एक तुकडा त्या टोपलीत घातला. साहेबांनी त्याच्यावर आकडा घातला. पुढे गाडगी जोडायला बसले तेव्हा तो तुकडाही त्यात बसवला. आणि शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, या पोरीच्या टोपलीतलं एकही खापर हरवलं नाही.

"थो हात मले आजवर जड वाटते बाई," मामी प्रमुख बाईंना म्हणाल्या. "हे तुमी काढून ठेवा. जागा खाली राहिली तं राहू द्या. लोक खोटं पाहून राहिले."

मी पेटीजवळ गेलो होतो. मी बघितलं. तो तुकडा शेजारच्या तुकड्यांपेक्षा जाड होता. काठाखालून जाणारी रेघ त्याच्यावर दोराभर खाली उतरत होती आणि पुढच्या तुकड्यावर पुन्हा वर चढत होती. गोलाईही वेगळी. कारखान्यात माझ्या टेबलावर हे आलं असतं तर बघता क्षणी मी लाल खूण केली असती.

प्रमुख बाईंनी पिशवीतून वही काढली. म्हणाल्या, आजी, इथे बसा, पहिल्यापासून सांगा.

आणि आमच्या विभागाचे साहेब माझ्याकडे बघत होते. पाहुण्यांपैकी एकाने हळूच विचारलं, या कोण? साहेबांच्या नजरेत काय होतं हे मी आजही सांगू शकत नाही. नुसतं कुतूहल असेल. पण मला तिथे वेगळंच ऐकू आलं. हे लोक. माती वाहणारे, आणि वर लबाडी करणारे. साहेब असं काहीही बोलले नव्हते. ते मीच माझ्या कानात बोललो. आतापर्यंत मी लोहयुग समजावून सांगणारा सुशिक्षित माणूस होतो, आणि माझी सासू सगळ्यांसमोर सांगत होती की आम्ही तिथे घमेली उचलत होतो.

मी प्रमुख बाईंजवळ गेलो आणि माझ्या सगळ्यात शुद्ध मराठीत म्हणालो, "मॅडम, मनावर घेऊ नका. यांचं वय झालंय. अलीकडे असं काहीबाही बोलतात." आणि कानाजवळ बोट गोल फिरवलं.

बाईंनी एकदा मामींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग वही मिटली. साहेब समजुतीने म्हणाले, होतं असं, आमच्या आईचंही झालं होतं.

मामींची पाठ आमच्याकडे होती. पण समोर पेटीची काच होती, आणि काचेत मी माझ्या बोटासकट दिसत होतो. मामी काचेतच बघत होत्या. मग त्यांनी पदर नीट केला आणि पहारेकऱ्याला बाहेर जायचा रस्ता विचारला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, आईबद्दल असं काहून बोलले तुमी? चुकून बोललो एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी पुरावे दिले. परवा गॅस चालू राहिला होता तो कुणी ठेवला? पोरीला दोनदा तुझ्या बहिणीच्या नावाने हाक कुणी मारली? चष्मा डोक्यावर आणि घरभर शोध, हे कुणाचं? गॅस मीच चालू ठेवला होता. बाकीचं सगळ्याच घरात होतं. पण मी ते एकापुढे एक असं मांडलं की बायकोचा चेहरा हळूहळू बदलत गेला. संध्याकाळी तिने भावाला फोन केला. मी शेजारी बसून होतो.

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या लोकांनी पुष्कळ रीती सोडल्या. देव सोडले, उपास सोडले, अंगात येणं सोडलं. जावयाची रीत मात्र सुटली नाही. जावई बोलला की त्याच्यावर कुणी बोलायचं नाही. त्यातून मी सरकारी नोकरीतला, शिकलेला. माझ्या साळ्याने फोनवर एवढंच विचारलं, भाऊजी म्हणून राहिले का? बायको हो म्हणाली. संपलं.

मामी सानगडीला परत गेल्या तेव्हा त्यांच्याआधी ही बातमी पोचली होती. सुनेने त्यांना चुलीजवळ येऊ देणं बंद केलं. काडेपेटी वर फळीवर गेली. त्या शेताकडे निघाल्या की कुणीतरी मागून यायचं. पाहुणे आले की विचारायचे, आजी, आज वार कोणता? मी कोण, ओळखलं का? पहिल्या-पहिल्यांदा त्या चिडायच्या. म्हणायच्या, काहून बे, माझी परीक्षा घेऊन राहिला का? तर लोक एकमेकांकडे बघायचे. चिडचिड वाढली आहे, म्हणायचे. मग त्या शांत राहायला लागल्या. तेव्हा लोक म्हणाले, आता तर बोलतही नाही. साळ्याने त्यांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे दाखवलं. डॉक्टरांनी पंधरा-वीस प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं बरोबर आली, डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही. साळ्याने मला फोन केला. माझ्यासाठी ती सुटकेची वेळ होती. मी म्हणालो, अशी माणसं डॉक्टरसमोर बरोबर बोलतात.

हे वाक्य मला कुठून सुचलं माहीत नाही. पण त्यानंतर मामींना सुटायला वाट उरली नाही. चुकल्या तर वेड्या, बरोबर बोलल्या तर पक्क्या वेड्या.

आणि मी त्याची गंमत केली. हे सगळ्यात वाईट. लग्नाकार्यात, बारशाला, नात्यातले पुरुष जेवून बसले की मी संग्रहालयाची गोष्ट सांगायचो. मामींची चाल, मामींचा आवाज, सगळं काढून दाखवायचो. लोक लोळायचे. मग ते सगळ्या नात्याचं बोलणं होऊन गेलं. कुणाच्या ताटात मटणाचा तुकडा वाढला की कुणीतरी म्हणायचं, हा तुकडा याचा नोहे. एका लग्नात माझी मुलगी आजीला पापड देत होती. तिने अर्धा मोडला आणि तेच वाक्य आजीच्या तोंडावर म्हणाली. पंगत हसली. मामीही हसल्या. मी मामींकडे बघायचं टाळलं आणि मुलीला रागावलोही नाही. तिला ते माझ्याकडूनच आलं होतं.

त्यानंतरच्या पहिल्याच कापणीच्या आधी साळ्याने बियाणं स्वतः निवडलं. मामी धानात शिरल्या नाहीत. बोलावून न्यायला शेजारचेही आले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मी कामानिमित्त साकोलीला गेलो होतो, तिथून सानगडीला डोकावलो. भर दुपार होती. अंगणात साळा नांगराची दोरी सांधत बसला होता. मी विचारलं, मामी कुठे? त्याने हनुवटीने मागची खोली दाखवली. दाराला बाहेरून कडी होती.

मी काही विचारायच्या आत तोच बोलला. सकाळी त्या एकट्याच बांधीवर निघून गेल्या होत्या. धानाची रोपं दाखवून, पऱ्हे पिवळे पडून राहिले, पाणी काढा, म्हणून मजुरांना सांगत होत्या. रोवणीच्या गडबडीत त्यांच्यामागे फिरायला माणूस नाही. बोडी भरलेली आहे, कुठे पडल्या म्हणजे? "तुमीच सांगितलं होतं ना भाऊजी, नजर ठेवा म्हणून."

मी म्हणालो, सांगितलं होतं. धानाचे पऱ्हे खरंच पिवळे पडले होते का, हे मी विचारलं नाही. साळ्याने जावई आला म्हणून कोंबडा कापला. मी हात धुतले आणि रस्सा-भात जेवलो. दोनदा वाढून घेतलं. कडी लावलेली खोली माझ्या पाठीमागे पंधरा पावलांवर होती. त्या दिवसाबद्दल मी स्वतःशी अजून नीट बोलू शकलेलो नाही.

निघताना सुनेने दार उघडलं, जवाईबापू निघाले म्हणून मामींना सांगितलं. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. फार वाळल्या होत्या. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. मला वाटलं, आता या मला शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या,

"जवाईबापू, तुमाले समजते म्हनून विचारून राहिली. थो तुकडा मी खरंच घातला होता का? का मलेच तसं वाटते? तुमी तिथं होते ना."

मी म्हणालो, "आराम करा मामी." आणि गाडीला किक मारली.

साकोलीपर्यंत मी काय बघत गेलो ते आठवत नाही. मला वाटायचं, मी त्यांचा मान घेतला, बोलणं घेतलं, घरातली जागा घेतली, पण आत त्या आपल्या जागी आहेत. आपण खरे आहोत एवढं तरी त्यांना माहीत आहे. त्या एका गोष्टीवर मी पावणेतीन वर्षं झोपत होतो. ती बोडी, तो गाळ, डोक्यावर ठेवलेला तो जड हात. पन्नास वर्षं त्यांनी जपलेली ती एक लाजिरवाणी, खरी गोष्ट. तीही आता त्यांची राहिली नव्हती, आणि ती आहे की नाही हे त्या मलाच विचारत होत्या.

घरी येऊन बायकोला सगळं सांगायला मला चार दिवस लागले. ती गॅसची शेगडी पुसत होती. मी सांगितलं की गॅस मी चालू ठेवला होता. तिने फडकं खाली ठेवलं. मग बाकीचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या आईले मी सुद्धा वार विचारला."  मुलगी आता अकरावीत आहे. तिला मी स्वतः सांगितलं. ती पूर्ण ऐकून घेऊन उठली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं सानगडीला गेलो. मला माफीसाठी मोठी वाक्यं सुचली होती. रस्ताभर ती मनात घोळवत होतो. मन दुखावलं असेल तर, अनवधानाने, परिस्थितीच्या ओघात. लाखनीच्या पुढे बायको म्हणाली, पुटपुटत काय जाऊन राहिले? मी सांगितलं. ती म्हणाली, असं अर्जासारखं बोलान तं माझ्या आईले समजणार नाही, आणि मले सगळं समजीन.

पोचलो तेव्हा दुपारची सुट्टी होती. रोवणीच्या आठ-दहा बाया अंगणात पाय पसरून जेवत होत्या. साळा पायरीवर, सून वाढत होती. मामींच्या खोलीची कडी लागलेली होती. बायको कुणाला काही न विचारता गेली, कडी काढली आणि आईला हात धरून बाहेर आणलं.

साळ्याला मी म्हणालो, मला सगळ्यांसमोर काही सांगायचं आहे. त्याला काय सुगावा लागला कोण जाणे. तो घाईने उठला, माझ्या दंडाला धरून म्हणाला, भाऊजी, आतमंदी बोलू ना, बाया जेवून राहिल्या. जावयाने मजुरांसमोर मान खाली घालावी हे त्याला माझ्यापेक्षा जड जात होतं. मी म्हणालो, मी गंमत सगळ्यांसमोर केली, हेही सगळ्यांसमोरच होऊ दे. एका बाईने ताट खाली ठेवलं. मग सगळ्यांचेच घास थांबले.

मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडे त्या जशा बघत होत्या तसं वर्गात उभं केलेलं मूल बघतं, आता कोणता प्रश्न येतो म्हणून. मी त्यांच्या पुढ्यात खाली जमिनीवर बसलो. ठरवलेलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. जे आलं ते घरच्या बोलीत आलं, आणि मी ते मागच्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

"मामी, तुमचं डोकं कधीच बिघडलं नव्हतं. तुमी सांगितलं ते सगळं खरं होतं. थो तुकडा त्यात बसत नव्हता, मले तेव्हाच दिसला होता. पण साहेबासमोर मले तुमची लाज वाटली, म्हणून मी बोट फिरवलं. मंग घरी येऊन खोट्यावर खोटं रचलं, आणि लोकायले हसवलं. तुमच्या दाराले बाहेरून कडी तुमच्या पोरानं नाही लावली, मी लावली. मी लबाड बोललो, मामी. मले माफ करा."